माळ्यावरचे ‘रिकामे’ पिस्तूल



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खते, कीड-रोग, जनावरांचा चारा यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. शेतीखात्याच्या माणसाने पिस्तुलाविषयी का लिहावे, असे तुम्ही म्हणाल. पण पुढची हकीगत वाचलीत म्हणजे ते ध्यानात येईल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. माती परीक्षणाचे नमुने घेण्यासाठी मी एका गावी गेलो होतो. ज्यांच्या मळ्यात काम होते, त्यांचा जुना वाडा उतरवून तिथे स्लॅबचे घर बांधायचे चालले होते. काम आटोपून चहाला बसलो, तेवढ्यात माळ्यावरचे सामान खाली काढणाऱ्या पोरांनी एक लाकडी पेटी आणली. पेटीत मेणकापडात गुंडाळलेले, जेमतेम वीतभर लांबीचे एक पिस्तूल निघाले. पितळी अंग, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आणि मुठीवर बारीक जाळीदार नक्षी. घरात कुणालाच त्याची माहिती नव्हती.

वस्तू मोठी देखणी. या हातातून त्या हातात फिरू लागली. नऊ-दहा वर्षांच्या नातवाने ते घेतले, धाकट्या बहिणीवर रोखले आणि तोंडाने “ठो!” केले. सगळे हसले. घरातले वडीलधारे आबा मला म्हणाले, “अवो सायेब, आज्ज्याच्या आज्ज्याचं असंल ते. त्यात काय जीव ऱ्हायलाय आता?” खिडक्यांच्या जाळ्या बसवायला आलेला वेल्डिंगवाला म्हणाला, “आणा हिकडं. गंज चढलाय, ग्राइंडर मारून चकाचक करून देतो.”

मी उठलो आणि आधी ग्राइंडरचा प्लग काढला. पोराच्या हातातले पिस्तूल अलगद काढून घेतले, अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे त्याचे तोंड करून ठेवले आणि सगळ्यांना मागे सारले. मग आबांना सांगून पोलीस पाटलांना बोलावले. साहेब जरा भित्रा दिसतो, असे दोघा-चौघांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते.

पोलिसांनी ते रीतसर ताब्यात घेतले आणि पुढे परवानाधारक बंदूक दुरुस्ती कारागिराला दाखवले. त्याने काय केले ते आबांनीच मला फोनवर सांगितले. नळीतून मोठ्या वाटाण्याएवढी शिशाची गोळी निघाली, आणि गोळीच्या मागे चिमूटभर काळी दारू. ती ओली नव्हती, भुरभुरीत होती. कारागिराने ती मोकळ्या जागी, लांबून पेटवून पाहिली, तर भस्सकन पेटली. आबांचा आवाज कापत होता. “सायेब, पोरीवर धरलं हुतं वो पोरानं,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मला ही अक्कल पुस्तकातून आलेली नाही. माझे आजोळ कोकणातले. मामांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. मामा सांगायचे, “बंदूक रिकामी आहे असं देवानं येऊन सांगितलं, तरी ती भरलेलीच धरायची.” हे वाक्य मनात घट्ट बसले म्हणून त्या दिवशी मी उठलो. नंतर कुतूहल म्हणून या छोट्या पिस्तुलांविषयी वाचन केले. ती कशी चालतात हे समजले, की ती शंभर-दीडशे वर्षांनीही धोक्याची का, हे आपोआप कळते. म्हणून आज तेच सांगतो.

खिशातले पिस्तूल आले कुठून?

अठराव्या शतकात इंग्लंडात रस्ते वाढले, घोडागाड्यांची वाहतूक वाढली आणि तिच्याबरोबर वाटमारीही वाढली. १७८४ साली ब्रिस्टल ते लंडन अशी पहिली टपाल-घोडागाडी सुरू झाली. तिच्यावरच्या पहारेकऱ्याजवळ हत्यारे असत. पण साध्या प्रवाशालाही वाटे, की आपल्याजवळ काहीतरी असावे. लांब नळीचे घोडेस्वाराचे पिस्तूल डगल्यात मावणार नाही. म्हणून लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी खिशात मावतील अशी पिस्तुले बनवली. याहूनही लहान पिस्तुले होती. थंडीत हात ऊबदार ठेवण्यासाठी त्या देशातल्या बायका केसाळ कातड्याची पिशवी वापरत, तिच्यात ती लपत.

ही पिस्तुले जवळच्या अंतरासाठीच होती. नळी तीन-चार बोटे लांब, नेम धरायला बहुधा काहीच सोय नाही. गाडीच्या दारात उभ्या राहिलेल्या चोरासाठी ती केलेली. इंग्रजांच्या अमलात साहेब लोकांबरोबर अशी हत्यारे आपल्याकडेही आली. आबांच्या घरी ते कुणी भेट म्हणून दिले, की लिलावात कुणी घेतले, हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. पण नळीच्या बुडाशी मुकुट आणि त्याखाली तिरपे राजदंड असा बारीक छाप होता. हा बर्मिंगहॅमच्या नळी-परीक्षा केंद्राचा छाप. हे केंद्र १८१३ साली कायद्याने स्थापन झाले. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढून पाहत, आणि नळी टिकली तरच छाप मारत. आपल्याकडे बियाण्याच्या पिशवीला प्रमाणित असल्याची खूणचिठ्ठी असते ना, तसेच.

ते चालते कसे?

आजच्या काडतुसात गोळी, दारू आणि पेटवणारी टोपी या तिन्ही गोष्टी एका नळकांड्यात बंद असतात. काडतूस काढले की हत्यार रिकामे झाले. ठासणीच्या हत्याराचे तसे नाही. तिथे काडतूस नाहीच. प्रत्येक वस्तू वेगळी, आणि ती नळीच्या तोंडातून आत घालायची. आधी मापाने दारू ओतायची. मग तेलकट कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी तोंडावर ठेवून गजाने खालपर्यंत ठासायची. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे, मध्ये पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली तर नळी फुटण्याची भीती असते.

काही पिस्तुलांची नळी आटे फिरवून पुढून काढता येई. अशा पिस्तुलात नळी काढून मागच्या खोबणीत दारू आणि तिच्यावर गोळी ठेवत, आणि नळी पुन्हा आवळत. तिथे गजाची गरज नसे. इंग्लंडची राणी ॲन हिने १७०२ ते १७१४ या काळात राज्य केले. तिच्या नावाने ओळखली जाणारी पिस्तुले याच धर्तीची. मात्र ती तिच्यानंतरही बरीच वर्षे बनत राहिली.

आता आत बसलेली दारू पेटवायची कशी? नळीच्या बुडाला एक बारीक भोक असते. आपल्या जुन्या लोकांनी त्याला ‘कान’ म्हटले आहे. या कानातून आग आत जाते. फार पूर्वी ती जळत्या दोरीने, म्हणजे तोड्याने, देत. पण जळता तोडा खिशात कसा ठेवणार? खिशातले पिस्तूल शक्य झाले ते मुख्यतः चकमकीमुळे.

चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा आवळलेला असतो. कानाबाहेर एक छोटी वाटी असते, तिच्यात बारीक दारू घालतात. तिला रंजक म्हणत. वाटीवर एक पोलादी पाते झाकण म्हणून असते. चाप ओढला की घोडा झेपावतो, गारगोटी पोलादावर घासते, पाते मागे उलटून वाटी उघडते आणि ठिणग्या रंजकीवर पडतात. रंजक भडकते, तिची ज्योत कानातून आत जाते आणि मुख्य बार उडतो. कधी रंजक नुसतीच भडके आणि आतला बार उडतच नसे. पावसाने रंजक भिजली तर तेवढेही होत नसे.

ही खोड काढली एका स्कॉटिश पाद्रीने. अलेक्झांडर फोर्सिथ हे त्याचे नाव. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकीचा भडका दिसताच पाखरे सावध होत आणि गोळी पोचेपर्यंत निसटत. मग त्याने ठोका बसताच पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करून पाहिला आणि १८०७ साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्या रसायनाची इवलीशी तांब्याची टोपी तयार झाली. कानाच्या जागी एक पोकळ खुंटी आली. खुंटीवर टोपी चढवायची आणि घोडा तिच्यावर आपटायचा. दिवाळीत पोरे टिकल्यांचे पिस्तूल वाजवतात ना, तोच प्रकार. फरक एवढाच, की टिकलीची ठिणगी हवेत विरते आणि टोपीची ठिणगी पोकळ खुंटीतून थेट दारूत जाते.

आबांच्या घरचे पिस्तूल याच टोपीच्या जातीचे होते. घोडा अंगाच्या मधोमध, वरच्या बाजूला बसवलेला. खिशात बाहेर आलेली वस्तू अडकते, म्हणून सगळी कळ एका पेटीसारख्या अंगात घातलेली. काही पिस्तुलांत तर चापसुद्धा घडी होऊन आत जातो आणि घोडा मागे खेचला की बाहेर येतो. चाप दिसत नाही म्हणून हे खेळणे असेल, असे समजू नये.

दारू मरत कशी नाही?

काळी दारू तीन वस्तूंची असते: सोरा, गंधक आणि कोळसा. यातला सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आपण फळपिकांवर फवारतो ते १३:००:४५ खत म्हणजे हेच. आणि द्राक्षावरच्या भुरीसाठी धुरळतो ते गंधक. सोऱ्याच्या पोटात प्राणवायू बांधलेला असतो. तापला की तो सुटतो आणि कोळशाला, गंधकाला जाळतो. म्हणूनच दारू बंद नळीत, बाहेरची हवा न मिळताही जळते. त्यातून पुष्कळ वायू क्षणात तयार होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. एक मौज म्हणजे, सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपला जाणाऱ्या सोऱ्याचा मोठा भाग आपल्या बिहारमधून जात असे. तेव्हा इंग्रजाच्या खिशातल्या त्या बारात हिंदुस्थानच्या मातीचा क्षार असण्याचा संभव पुष्कळच होता.

या तिन्ही वस्तू अशा आहेत, की कोरड्या राहिल्या तर त्यांना वर्षानुवर्षे काही होत नाही. धान्याला भुंगा लागतो, बियाण्याची उगवण कमी होते, औषधाची मुदत संपते. कोरड्या काळ्या दारूला अशी मुदत नाही. तिचा एकच वैरी, ओल. भिजलेली दारूसुद्धा वाळली की पुन्हा पेटू शकते. आणि नळीत तर वरून तेलकट कापड आणि शिशाची गोळी यांचे घट्ट बूच बसलेले असते. कणगीत धान्य लिंपून ठेवावे तशी ती सुरक्षित राहते.

हे नुसते तर्काने सांगत नाही. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. त्या युद्धातला एक तोफगोळा २००८ साली व्हर्जिनिया राज्यात एक जाणकार संग्राहक साफ करीत होता. सुमारे एकशे चाळीस वर्षांनी तो गोळा फुटला आणि तो माणूस जागीच गेला. त्याने आयुष्यभर असे गोळे हाताळले होते.

जुने पिस्तूल भरलेले का सापडते?

आता मुख्य मुद्दा. माणसाच्या अडचणीतून तो समजून घ्या.

ठासणीचे पिस्तूल भरायला वेळ लागतो. दारू मापा, ओता, गोळी ठासा, टोपी चढवा. समोर चोर उभा असताना हे कोण करणार? म्हणून खिशातले पिस्तूल घरूनच भरून न्यायचे. रिकामे नेले तर ते नुसते ओझे. आणि त्यात बार एकच. तो उडाला की काम संपले. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. ती फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराच्या सहा-एक इंची, टोपीच्या पिस्तुलातली. मारेकरी बूथ ते भरूनच आला होता. बार एकच असल्याने शेजारी बसलेला लष्करी अधिकारी अंगावर येताच त्याला पिस्तूल टाकून सुरा काढावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन वारले.

आता दुसरी बाजू पाहा. भरणे कटकटीचे, तर रिकामे करणे त्याहून कटकटीचे. घट्ट ठासलेली गोळी उलटे धरून पडत नाही. तिच्यात स्क्रूसारखे टोक रुतवून ती ओढून काढावी लागते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे बार उडवून टाकणे. पण घरात, गावात उगीच बार कोण काढणार? मग माणूस काय करतो? टोपी तेवढी काढून ठेवतो आणि म्हणतो, “आता काही भीती नाही.” पिस्तूल उशाशी राहते. पुढे तो वारतो. बायको ते पेटीत ठेवते. मुलाला माहीत असते, नातवाला नसते. पणतूच्या हाती येते तेव्हा घोड्याखाली टोपी नाही, चाप ओढला तर नुसता खट्ट आवाज होतो, आणि सगळे म्हणतात, रिकामे आहे!

टोपी नसणे म्हणजे रिकामे असणे नव्हे, हे आज माझ्याकडून घेऊन जा. टोपी ही नुसती काडी. काडी काढून घेतली म्हणून गंजीतला कडबा नाहीसा होत नाही. दारूला ठिणगी किंवा पुरेशी उष्णता मिळाली की झाले. ती ग्राइंडरची असेल, वेल्डिंगची असेल, गंज सुटावा म्हणून चुलीत घातल्याची असेल, किंवा भोकातून आत डोकावताना धरलेल्या काडीची असेल. आणि कधी कधी टोपीचा तुकडा खुंटीवर गंजून तसाच बसलेला असतो. तो नुसत्या नजरेला ओळखू येत नाही.

कारागीर हे कसे ओळखतो? तो नळीच्या तोंडासमोर न येता एक लाकडी काठी आत सारतो, तोंडाशी खूण करतो आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहतो. काठी कानापर्यंत पोचली नसेल, तर मध्ये काहीतरी आहे. आबांच्या पिस्तुलात ती अंगठाभर अलीकडेच थांबली. ही रीत मी समजण्यासाठी सांगितली, करून पाहण्यासाठी नव्हे. काठी सारताना हात नळीच्या तोंडाशीच असतो. ते काम परवानाधारक कारागिराचे.

कायदा काय सांगतो?

“शंभर वर्षांपूर्वीचे आहे, त्याला कसला परवाना?” असे पुष्कळांना वाटते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या पद्धतीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट जरूर आहे. पण तिला अट आहे. ते हत्यार तसेच्या तसे, किंवा दुरुस्त करूनही, वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. नुसते जुने असून भागत नाही. आबांच्या पिस्तुलाचा घोडा आणि चाप दोन्ही चालत होते. अशा वेळी आपण स्वतःच निवाडा करून ते दिवाणखान्यात टांगू नये.

दुसरे असे, की पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा उल्लेख या कायद्यात आहे. पण परवाना माणसाला असतो, घराण्याला नसतो. परवानाधारक वारला तर वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग रीतसर अर्ज करायचा. “वडिलांची बंदूक आहे, राहू द्या कोपऱ्यात,” हा गुन्हा होऊ शकतो. आणि परवाना हातात आहे म्हणून रानडुकरावर किंवा कोणत्याही रानजनावरावर बंदूक चालवता येते असेही नाही. त्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. वनखात्याची परवानगी लागते.

एवढे लक्षात ठेवा

१. जुना वाडा उतरवताना, माळा झाडताना असे काही सापडले तर ते भरलेलेच आहे असे धरा.

२. शक्यतो हात लावू नका. हातात आलेच असेल तर तोंड जमिनीकडे किंवा मातीच्या ढिगाकडे करून हळूच ठेवा. घोडा, चाप यांना बोट लावू नका.

३. मुलांना आणि बघ्यांना लांब करा.

४. तापवणे, घासणे, भोक पाडणे, ठोकणे, रॉकेल लावून पेटवणे, यातले काहीही करू नका. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. त्याच्या भट्टीवर काम करणाराही कुणाचा तरी मुलगा आहे.

५. पेटीत दारूचे शिंग, डबी किंवा टोप्या असतील तर त्याही उघडू नका.

६. पोलीस पाटील, पोलीस ठाणे किंवा ११२ क्रमांकावर कळवा. आपण होऊन कळवणाऱ्याची बाजू लपवणाऱ्यापेक्षा नेहमीच भक्कम असते. हत्यार दिल्याची लेखी पोच घ्यायला विसरू नका.

असली हत्यारे पाहण्याची हौस असेल तर वाईट नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये मुलांना घेऊन जा. काचेआड ठेवलेल्या जुन्या हत्यारांची कारागिरी निवांत बघता येते.

परवा त्या गावी पुन्हा गेलो होतो. नवे घर उभे राहिले आहे. ती रिकामी लाकडी पेटी आबांनी माजघरात ठेवली आहे, तिच्यात आता सातबाराचे उतारे आणि खताच्या पावत्या असतात. पिस्तूल रोखणारा तो पोरगा माझ्यासाठी पाणी घेऊन आला. मागोमाग त्याची बहीण गुळाचा खडा घेऊन आली. मी दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कामाला लागलो.

बंधूंनो, खरीप तोंडावर आहे. माळ्यावरची पोती, पाट्या काढायला तुम्ही चढालच. तेव्हा एवढे ध्यानात असू द्या.

पुढच्या अंकात सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासावी, ते पाहू. कळावे.